ऐनाचे झाड कसे ओळखावे?

मित्रांनो, आपल्या गावाच्या पश्चिमेस ब्रह्मगिरी डोंगर आहे. तिथे गोदावरी नदी उगम पावते. पूर्वेस अंजनेरीचा डोंगर आहे. मध्ये आपली भाताची आणि नागलीची शेते आहेत. शेतांच्या बांधावर आणि डोंगराच्या उतारावर पुष्कळ झाडे आहेत. आंबा, जांभूळ, पळस, मोह ही झाडे आपल्या सर्वांना ओळखता येतात, कारण त्यांची फळे आपण खातो किंवा फुले वेचतो. पण ज्याचे फळ खाता येत नाही ते झाड आपण बघतसुद्धा नाही. ऐनाचे झाड असेच आहे. आपल्याकडे जुनी माणसे त्याला सादडा म्हणतात. ते रोज दिसते, पण नाव विचारले तर निम्म्या वर्गाला सांगता येत नाही. मलासुद्धा येत नव्हते. त्यामुळे माझ्या हातून केवढी मोठी चूक होणार होती, ते आधी सांगते.

गेल्या चैत्रातली गोष्ट. तेव्हा मी तिसरीत होते. पावसाळ्याआधी सरपण गोळा करायचे होते. बाबांनी मला विचारले, "शेळ्या घेऊन बांधाकडं जातेस ना, तिकडं एखादं वाळलेलं झाड दिसलं का?" मी लगेच सांगितले, "हो, आपल्या वरच्या बांधावरचं मोठं झाड मेलंय. एक पान नाही. साल पण काळी पडून फुटलीय." बाबांनी दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडीला धार लावायला घेतली.

आमचे आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांना आता डोळ्यांनी दिसत नाही. फक्त उजेड आणि अंधार कळतो. त्यांनी मला हाक मारून विचारले, "कोणतं झाड गं बाय?"

मी म्हणाले, "नाव माहीत नाही."

आजोबा म्हणाले, "नाव माहीत न्हाई आन् मेलं म्हणून सांगतेस? चल, मला घेऊन चल."

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून बांधापर्यंत आले. बाबा कुऱ्हाड घेऊन मागे होते. आजोबांनी झाडाला दोन्ही हात लावले. वरून खाली, मग आडवे. मग म्हणाले, "हा सादडा हाये. साल फुटलेली न्हाई, त्याची सालच आशी आसती." नंतर त्यांनी मला एक बारीक फांदी नखाने खरवडायला सांगितली. मी खरवडली तर आतून हिरवी आणि ओली निघाली. आजोबा म्हणाले, "झोपलंय ते. पाऊस जवळ आला का उठंल."

बाबा काही न बोलता कुऱ्हाड घेऊन परत गेले. मला फार लाज वाटली. पुढे ज्येष्ठात त्या झाडाला खरोखर नवी पाने आली. तेव्हा मी ठरवले की हे झाड नीट ओळखायला शिकायचे. आजोबांनी मला हाताने शिकवले आणि गुरुजींनी पुस्तकातून शिकवले. दोन्ही मिळून मी इथे लिहीत आहे.

पहिली खूण : साल

सालीची खूण सगळ्यात चांगली आहे, कारण पाने बारा महिने नसतात, साल मात्र बारा महिने असते. ऐनाची साल काळपट करड्या रंगाची असते. तिला उभ्या खोल भेगा असतात. त्या भेगांमध्ये पुन्हा आडव्या भेगा असतात. त्यामुळे सगळ्या खोडावर चौकोन चौकोन दिसतात. आपल्या पुस्तकात मगरीचे चित्र आहे. मगरीच्या पाठीवर जसे चौकोन असतात तशीच ही साल असते. इंग्रजीतसुद्धा लोक या झाडाला मगरीच्या सालीचे झाड म्हणतात, असे गुरुजींनी सांगितले. पण मी खरी मगर कधी बघितली नाही. मला तर ती उन्हाळ्यात भेगाळलेल्या भाताच्या खाचरासारखी वाटते. पाणी आटल्यावर चिखल वाळून त्याच्या खापऱ्या होतात ना, अगदी तशी.

डोळे मिटून हात लावा. तळहाताला चौकोनांच्या कडा टोचतात. बोट भेगेत आत जाते. आजोबा म्हणतात की माझ्या टाचा आणि सादड्याची साल सारखीच आहे.

खाली पडलेला सालीचा तुकडा उचलून बघितला तर तो आतल्या बाजूने तांबूस असतो. मुद्दाम कोयता मारून साल काढू नये. साल ही झाडाचे कातडे आहे. ही साल जाड असते म्हणून डोंगराला वणवा लागला तरी मोठा ऐन बहुधा वाचतो. वरची साल करपते, पण आतल्या जिवाला आच लागत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. लहान ऐनाची साल अशी नसते. ती बरीच गुळगुळीत आणि करडी असते. झाड मोठे होत जाते तशा भेगा पडत जातात. म्हणून लहान झाड असेल तर पानावरून ओळखावे.

दुसरी खूण : पान

ऐनाचे पान लांबट गोल असते. ते माझ्या वितीएवढे लांब आणि चार बोटे रुंद असते. काही पाने त्याहून मोठी, काही लहान असतात. पान जाड आणि चिवट असते. दुमडले तर वाळलेल्या चामड्यासारखे वाटते. कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला मऊ लव असते. पाने बहुतेक समोरासमोर येतात, पण अगदी नेमकी समोरासमोर नसतात, थोडी मागे पुढे असतात. फांदीच्या टोकाकडे पाने दाटीने असतात.

आता गंमत बघा. पान उलटे करा. देठाजवळ मधल्या शिरेवर बोट फिरवा. तिथे दोन बारीक गाठी बोटाला लागतात. त्या साधारण नागलीच्या दाण्याएवढ्या असतात. कधी एकच असते. या गाठींना ग्रंथी म्हणतात. तिथे पुष्कळदा मुंग्या फिरताना दिसतात. ही खूण मला सर्वांत आवडते, कारण ती लपलेली आहे. वरून बघणाऱ्याला ती दिसत नाही. पान उलटे करणाऱ्यालाच सापडते.

माघ फाल्गुनात पाने पिवळी तांबूस होऊन गळू लागतात. चैत्र वैशाखात झाड उघडे असते. मी फसले ती याच दिवसांत.

तिसरी खूण : फळ

झाडाखाली बघावे. ऐनाचे फळ कोरडे असते. त्याला पाच पाती असतात. मोजून बघा, पाचच असतात. कमरख फळ बाजारात बघितले असेल तर त्याच्या धारा आठवा. ऐनाची पाती मात्र पातळ असतात, वाळलेल्या पानासारखी. वाऱ्याने फळ गिरक्या घेत लांब जाते आणि तिथे बी पडते. पावसाळा सुरू होताना झाडाला फिकट पिवळसर फुलांचे तुरे येतात. फुले अगदी बारीक असतात. फळे उन्हाळ्याच्या आधी पिकतात आणि उन्हाळ्याच्या वाऱ्यात खाली पडतात.

फसवणारी झाडे

आता फसवणाऱ्या झाडांविषयी सांगते. आमच्या वर्गातली मुले या झाडांपाशी नेहमी चुकतात.

१) अर्जुन. याला अर्जुनसादडा असेही म्हणतात. नावातच सादडा आहे, म्हणून घोटाळा होतो. अर्जुनाच्या फळालाही पाच पाती असतात आणि पानालाही गाठी असतात. मग फरक कसा करायचा? सालीवरून! अर्जुनाची साल गुळगुळीत असते. तिचा रंग पांढुरका, करडा, कुठे कुठे गुलाबी असतो. तिचे मोठे पातळ पापुद्रे निघतात. ऐनाची साल काळी आणि भेगांची, अर्जुनाची साल गोरी आणि गुळगुळीत, एवढे पाठ करा. अर्जुनाचे पान ऐनापेक्षा अरुंद असते. अर्जुन बहुधा ओढ्याच्या किंवा नदीच्या काठी असतो, ऐन उतारावर आणि बांधावरही असतो. फळे हातात असतील तर पात्यांवरच्या रेषा बघाव्या. ऐनाच्या पात्यावर रेषा आडव्या जातात. अर्जुनाच्या पात्यावर त्या वरच्या बाजूला वळतात.

२) मोह. मोहाची साल पण काळपट आणि भेगांची असते. पाने पण फांदीच्या टोकाला झुपक्याने असतात. म्हणून लांबून मोह आणि ऐन सारखे वाटतात. इथे एकच परीक्षा पुरे. गळायला आलेले एक पान तोडून बघा. देठातून दुधासारखा चीक आला तर मोह. ऐनाला चीक नसतो.

३) साग. सागाचे पान फार मोठे आणि खरखरीत असते. कोवळे पान हातावर चोळले तर हात लाल होतो. सागाची साल फिकट तपकिरी असते. तिला उभ्या भेगा असतात, पण त्या उथळ असतात. चौकोन पडत नाहीत.

४) धावडा. धावड्याची साल पांढरट आणि गुळगुळीत असते. तिचे लहान लहान टवके निघतात. पाने ऐनापेक्षा पुष्कळ लहान असतात. थंडीत ती तांबडी होतात. धावड्याचा डिंक आपण लाडवात घालतो.

ऐनाची भावकी

गुरुजींनी सांगितले की शास्त्रज्ञ ऐनाला टर्मिनॅलिया इलिप्टिका म्हणतात. जुन्या पुस्तकांत टर्मिनॅलिया टोमेंटोजा असे नाव असते. झाड तेच आहे. टर्मिनॅलिया हे नाव टर्मिनस या लॅटिन शब्दावरून आले. त्याचा अर्थ शेवट किंवा टोक. या झाडांची पाने फांदीच्या टोकाला दाटीने येतात म्हणून हे नाव दिले. एसटीचा शेवटचा थांबा म्हणजे टर्मिनस, तोच हा शब्द! अर्जुन, हिरडा, बेहडा आणि कोकणातला किंजळ ही सगळी टर्मिनॅलियाच आहेत. म्हणजे ती ऐनाची चुलत भावंडे झाली. आता मला अर्जुन आणि ऐन सारखे का दिसतात ते कळले. आमच्या घरी पण माझ्या चुलत भावाला लोक माझा सख्खा भाऊ समजतात.

ऐनाचे उपयोग

ऐनाचे लाकूड फार कठीण आणि जड असते. ते सागापेक्षा जड असते. आतले लाकूड गडद तपकिरी असून त्यात काळसर रेघा असतात. आमच्या घराची मधली मेढ ऐनाची आहे. ती आजोबांच्या वडिलांनी उभी केली होती. आम्ही भावंडे लहानपणी तिला धरून उभे राहायला शिकलो. पूर्वी बैलगाडीला आणि शेतीच्या अवजारांना हे लाकूड वापरीत. साल कातडी कमावण्यास वापरीत. सालीच्या राखेत चुना असतो, म्हणून पूर्वी काही ठिकाणी लोक ती राख पानाला लावून खात.

टसर रेशमाचे किडे ऐनाची आणि अर्जुनाची पाने खातात. आपल्या महाराष्ट्रात भंडारा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ते रेशीम काढतात. गोंड लोक ऐनाला साज म्हणतात आणि त्यांचा बडादेव साजाच्या झाडात राहतो असे मानतात. म्हणून ते त्या झाडाची पूजा करतात.

आपल्याकडे मुख्य उपयोग राबासाठी होतो. राब कसा करतात ते आपल्याला माहीत आहेच, पण शहरातले पाहुणे शाळेत येतात तेव्हा विचारतात, म्हणून लिहिते. भाताचे किंवा नागलीचे रोप जिथे करायचे त्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि झाडाच्या बारीक फांद्या पसरतात. त्यावर माती टाकून उन्हाळ्यात जाळतात. त्याने तण मरते आणि जमिनीला राख मिळते. मग पावसाळ्यात तिथे रोप चांगले येते. या राबासाठी ऐनाच्या फांद्या दरवर्षी तोडतात. म्हणून आपल्या बांधावरचे ऐन डोंगरातल्या ऐनासारखे उंच नसतात. डोंगरात राहू दिले तर ऐन वीस मीटरहून उंच होतो. बांधावर मात्र तो थोटा आणि गाठाळ दिसतो. झाडाचा आकार बघून त्याला ओळखायला गेलात तर फसाल. साल आणि पान बघा.

आजोबा म्हणतात की फांद्या तोडताना शेंड्याच्या फांद्या ठेवाव्यात आणि एकच झाड दर साली ओरबाडू नये. आमच्या बांधावर चार ऐन आहेत. या वर्षापासून बाबांनी ठरवले आहे की दोन झाडांच्या फांद्या एका वर्षी घ्यायच्या आणि दोन झाडांच्या दुसऱ्या वर्षी. ज्याला मी मेले म्हटले होते त्याला या साली हात लावायचा नाही.

पाण्याची गोष्ट

गुरुजींनी आम्हाला एक खरी बातमी सांगितली. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लोकांनी एका ऐनाच्या खोडावरची फुगीर गाठ कापली, तर आतून पाण्याची धार निघाली. तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. ऐन उन्हाळ्यासाठी खोडात पाणी साठवून ठेवतो. मी आजोबांना हे सांगितले तर ते हसले आणि म्हणाले, "मंग? तुला सांगितलं ना, झोपलंय म्हणून. झोपताना तांब्या भरून ठिवायला नको का?"

पण मित्रांनो, हे वाचून कोणीही झाडाला कोयता मारू नये. प्रत्येक झाडात असे पाणी निघत नाही. आणि ते पाणी झाडाचे आहे.

कायदा

महाराष्ट्रात १९६४ सालचा झाडे तोडण्याविषयीचा कायदा आहे. त्यात ठरावीक झाडांची यादी आहे. त्या यादीत साग, खैर, मोह, हिरडा यांच्याबरोबर ऐनाचेही नाव आहे. हे झाड आपल्या स्वतःच्या शेतात असले तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. मला हे नंतर कळले. म्हणजे माझ्या एका शब्दाने झाडही गेले असते आणि बाबांवरही संकट आले असते. नाव माहीत असणे किती महत्त्वाचे आहे ते यावरून दिसते.

करून पाहा

आता एक सोपी कृती सांगते. एक कोरा पातळ कागद घ्या. तो खोडावर घट्ट धरा. एकाने धरावा, दुसऱ्याने घासावे. पेन्सिल आडवी धरून किंवा विझलेल्या कोळशाने कागदावर हलके हलके घासा. सालीचा ठसा कागदावर उमटतो. ऐनाच्या ठशात चौकोन येतात. सागाच्या ठशात उभ्या रेघा येतात. अर्जुनाच्या ठशात जवळजवळ काहीच येत नाही, नुसते डाग येतात. झाडाला काही इजा होत नाही. या लेखाच्या खाली मी आणि माझ्या मैत्रिणीने केलेले चार ठसे चिकटवले आहेत. नावे मुद्दाम लिहिली नाहीत. तुम्ही ओळखा. कागद फाडू नका.

झाड ओळखताना हा क्रम ठेवा :

१) आधी सालीला हात लावा. काळी, खोल भेगांची, चौकोनांची आहे का?
२) पाने असतील तर एक पान उलटे करून देठाजवळच्या गाठी शोधा.
३) पान तोडल्यावर चीक येत नाही ना, ते बघा.
४) झाडाखाली पाच पात्यांचे फळ शोधा.
५) पाने नसतील तर झाड मेले असे म्हणू नका. बारीक फांदी नखाने खरवडा. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे.

एका खुणेवर विसंबू नये. निदान दोन खुणा जुळल्या तरच नाव सांगावे. मी डोळ्यांनी बघून चुकले आणि आजोबा न बघता बरोबर ठरले, कारण त्यांनी दोन खुणा तपासल्या.

शेवटी मी केलेले एक कोडे देते.

अंग माझे मगरीचे, राहतो मी डोंगरी,
पाच पाती फळाला, गाठी पानामागे दोन तरी;
उन्हाळ्यात झोपतो मी, पावसाळ्यात उठतो,
सांगा माझे नाव काय, नाहीतर मी रुसतो!

उत्तर सांगायला नकोच. तुमच्या बांधावर किती ऐन आहेत ते मोजून प्रत्येकाने शनिवारी गुरुजींना सांगावे. आमच्या बांधावर चार आहेत. एक होता होता राहिला, नाहीतर तीनच सांगावे लागले असते.

— इयत्ता चौथी